अकरावीतल्या लाईनबॅकरचे स्टार

टेक्सासमधील फ्रिस्को येथून एका आईने लिहिले आहे: "मुलगा अकरावीत असून शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाईनबॅकर, म्हणजे बचावफळीतील खेळाडू आहे. शाळकरी खेळाडूंचे मूल्यमापन करणाऱ्या एका संकेतस्थळाने त्याला तीन स्टार दिले आहेत, दुसऱ्याने दोन. या मोसमात त्याचा खेळ सुधारला, तरी राज्यातील क्रमांक घसरला. एक खासगी प्रशिक्षक म्हणतात की पैसे भरून त्यांच्या शिबिरांना पाठवल्यास स्टार वाढतील. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

निकालपत्रातील टक्के पाहण्याची सवय असलेल्या आपल्या घरांत स्टार म्हणजे मिळवलेले गुण असे वाटते आणि पालकांचा घोळ नेमका इथेच होतो. मुलाने शाळेत केलेल्या खेळाचा हा निकाल नाही. त्याचे शरीर आणि कौशल्य पुढे कुठवर जाईल, याविषयी मोजक्या परीक्षकांनी बांधलेला तो अंदाज आहे. २४७ स्पोर्ट्स या अशाच एका संकेतस्थळाच्या श्रेणीत ९८ ते १०० गुणांना पाच स्टार, ९० ते ९७ ला चार आणि ८० ते ८९ ला तीन स्टार मिळतात. पाच स्टार दरवर्षी साधारण ३२ मुलांनाच मिळतात, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत ३२ खेळाडू निवडले जातात. त्यामुळे तीन स्टार म्हणजे मध्यम प्रतीचा खेळाडू, असे कृपया मानू नये. मोठ्या विद्यापीठांच्या संघांत दाखल होणाऱ्या मुलांत सर्वाधिक भरणा याच गटाचा असतो.

परीक्षक काय पाहतात, तेही सांगतो. शाळेच्या पत्रकात ६ फूट २ इंच छापलेला मुलगा शिबिरात बूट काढून मोजला की अनेकदा इंच-दीड इंचाने कमी भरतो. हातातल्या स्टॉपवॉचवर लावलेली ४० यार्डांच्या धावेची वेळ यंत्रावर लावलेल्या वेळेपेक्षा चांगली दिसते, म्हणून तिच्यावर फारसा विश्वास ठेवला जात नाही. त्याऐवजी मैदानी स्पर्धांतील १०० मीटरची नोंद पाहिली जाते. चित्रफितीत लाईनबॅकरने किती जणांना पाडले यापेक्षा चेंडू हलताक्षणी त्याचे पहिले पाऊल योग्य दिशेला पडले का, हे बारकाईने तपासले जाते. दोन संकेतस्थळांचे परीक्षक वेगळे आणि त्यांनी पाहिलेले सामनेही वेगळे, म्हणून तीन आणि दोन हा फरक पडतो. क्रमांक घसरण्याचे कारण तर बहुधा याहून साधे असते: गुण तेवढेच राहतात, पण आधी यादीत नसलेली मुले वर येऊन बसतात.

यात एक चक्रही आहे, ते पालकांनी ओळखायला हवे. एखाद्या मुलाला जॉर्जिया किंवा अलाबामासारख्या बलाढ्य संघाच्या विद्यापीठाची ऑफर, म्हणजे संघात येण्याचे आमंत्रण, आले की परीक्षक त्याची चित्रफीत पुन्हा पाहतात आणि पुष्कळदा त्याचे गुण वाढतात. म्हणजे स्टारमुळे ऑफर येण्यापेक्षा ऑफरमुळे स्टार वाढणे अधिक घडते. त्या प्रशिक्षकांच्या आश्वासनावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तोच पैसा आणि वेळ उन्हाळ्यात विद्यापीठे स्वतः भरवतात त्या शिबिरांसाठी ठेवावा, कारण तिथे निवडीचा अधिकार असलेले प्रशिक्षक मुलाला प्रत्यक्ष पाहतात.

जे. जे. वॉट हे शाळेत दोन स्टारचे खेळाडू होते. सेंट्रल मिशिगन विद्यापीठ सोडून ते शिष्यवृत्तीविना विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघात गेले आणि पुढे तीन वेळा एनएफएलचे सर्वोत्तम बचावपटू ठरले. तथापि केवळ अशा उदाहरणांवर विसंबू नये. पाच स्टारच्या मुलांना ड्राफ्टमध्ये निवडले जाण्याची शक्यता तीन स्टारच्या मुलांपेक्षा खरोखरच कितीतरी जास्त असते, त्यामुळे या याद्या निरर्थक नाहीत. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीमुळे, प्रशिक्षक आता शाळकरी मुलांऐवजी दुसऱ्या विद्यापीठातील अनुभवी खेळाडू घेऊ लागले आहेत, आणि तीन स्टारच्या मुलांच्या जागा त्यामुळेच आकसल्या आहेत.

म्हणून ऑफर आली की चिरंजीवांनी प्रशिक्षकांना नम्रपणे, पण थेट विचारावे: "मी आज होकार दिला, तर आपण तो स्वीकाराल का?" तोंडी ऑफर कोणालाच बंधनकारक नसते, म्हणून उत्तर टाळले गेले, तर आपले नाव त्यांच्या यादीत खाली आहे असे समजावे. पूर्ण शिष्यवृत्ती देत आहेत की केवळ वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीविना खेळाडू म्हणून बोलावत आहेत, हेही त्याच वेळी विचारावे. डिव्हिजन ३ च्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळातील तिसऱ्या श्रेणीच्या, महाविद्यालयांत आणि आयव्ही लीग या नामांकित विद्यापीठांच्या गटात खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण तिथली पदवी मोलाची असू शकते. गरजेवर आधारित आर्थिक मदतीची चौकशी तिथे अवश्य करावी.

या सगळ्यापेक्षा तातडीची गोष्ट आपल्या पत्रात नाही. डिव्हिजन १ या सर्वोच्च श्रेणीत पहिल्याच वर्षी खेळायचे असेल, तर शाळेतील १६ मुख्य विषय पूर्ण व्हावे लागतात आणि त्यांत किमान २.३ जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, लागते. त्यांपैकी १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वीच संपलेले हवेत, आणि त्या दहांत सात इंग्रजी, गणित व विज्ञानाचे असावे लागतात. आपला मुलगा अकरावीत आहे, म्हणजे हाती थोडेच महिने उरले आहेत. या आठवड्यात शाळेच्या समुपदेशकांकडून त्याची गुणपत्रिका घ्यावी, हे विषय एकेक करून मोजावेत आणि कमी पडणारा विषय येत्या उन्हाळ्यातच उरकावा.