वाचकांचे प्रश्न : भट्टीतली काचेची पेंडंट

प्रश्न : दोन थरांची तीन पेंडंट भट्टीतून छान निघाली, पण आठवडाभरात त्यांतली दोन आपोआप तडकली. निळी पट्टी आणि पारदर्शक काच वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतली होती. चूक ॲनीलिंगची (ताण निघून जावा म्हणून काच सावकाश थंड करण्याची) की काचेची?

उत्तर : तडा भिंगातून बघा. त्याच्या कडा वितळून गोलसर झाल्या असतील, तर काच तापतानाच फुटली, म्हणजे सुरुवातीला भट्टी फार वेगाने चढवली. कडा धारदार असतील, तर तडा थंड होताना किंवा नंतर गेला. तुमचा याच जातीचा. आता तो गेला कुठून ते पाहा. निळ्या पट्टीच्या कडेकडेने वळला असेल तर दोन काचांचं पटलेलं नाही. रंगाची सीमा न जुमानता आरपार गेला असेल तर ॲनीलिंग कमी पडलं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून आमचा संशय काचेवरच आहे. सीओई म्हणजे काचेचा प्रसरणाचा आकडा. सीओई ९० म्हणजे एक अंश सेल्सिअस तापमान वाढलं की काच एक कोटी भागांत ९० भागांनी लांबते. ९० आणि ९६ या काचा एकत्र वितळवल्या की थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि सांध्यात ताण अडकून राहतो. खिडकीची काच तर आणखी वेगळी, ८५ च्या आसपास. मात्र नुसता आकडा जुळला म्हणून निर्धास्त राहू नका. एकाच उत्पादकाची, ‘एकमेकांशी जुळते’ अशी चाचणी झालेली काचच वापरा.

हाताशी जुनी काच असेल तर पारदर्शक पट्टीवर तिचा नखाएवढा तुकडा पूर्ण वितळवा, नीट ॲनील करा आणि एकमेकींशी काटकोनात फिरवून धरलेल्या (म्हणजे आरपार अंधार दिसेल अशा) दोन पोलरायझिंग फिल्मच्या मध्ये ठेवून मागून दिवा लावा. तुकड्याभोवती उजळ कडं दिसलं की ती काच बाजूला ठेवा.

प्रश्न : एका थराचं चौकोनी पेंडंट वितळवलं की बाजू आत ओढल्या जातात, कोपरे सुईसारखे टोचतात. वेळापत्रकही सांगाल का?

उत्तर : पूर्ण वितळलेली काच आपणहून ६ ते ७ मिमी जाडी गाठायला बघते. ३ मिमीचा एकच थर असेल तर ती चहूकडून स्वतःला आत ओढून घेते. तीन थर दिले तर उलट पसरते. म्हणून ३ मिमीचे दोन थर, आणि वरचा तुकडा खालच्याहून चहूबाजूंनी अर्धा-एक मिमी मोठा, म्हणजे तो कडेवरून खाली वळून सांधा झाकतो. एकच थर हवा असेल तर ७३० अंशांच्या वर जाऊ नका. कडा गोल होतील, आकार टिकेल.

तीन-चार सेंमीच्या दोन थरी पेंडंटसाठी (अंश सेल्सिअसमध्ये) : ताशी २०० ने ६५० पर्यंत, तिथे २० मिनिटं, म्हणजे थरांमधली हवा बाहेर निघते. मग ताशी ३०० ने ८०५ पर्यंत, १० मिनिटं. तिथून भट्टी जितकी भरभर उतरेल तितकी सीओई ९० साठी ४८२ पर्यंत, ९६ साठी ५१० पर्यंत उतरू द्या आणि ४५ मिनिटं थांबा. पुढे ताशी ८० ने ३७० पर्यंत, मग बंद. झाकण खोलीच्या तापमानाला आल्यावरच.

८०५ हा आकडा दगडावरची रेघ नाही, कारण थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारा भाग) कुठे बसवलाय त्यावर भट्टी खरं-खोटं बोलते. चाचणीच्या चौकोनाच्या कडेवर दोन थरांची पायरी अजून दिसत असेल तर ५ अंश वाढवा. खालच्या कडेला काटे फुटले असतील तर ५ अंश कमी करा.

प्रश्न : वर पांढुरकी झाक, आणि मागे पांढरी भुकटी चिकटते.

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. वरची झाक म्हणजे पृष्ठभागावर बारीक स्फटिक धरलेत. बोटांचे ठसे, कटरचं तेल, ग्राइंडरची भुकटी, शिवाय ७०० ते ७६० अंशांत जास्त वेळ रेंगाळणं ही कारणं. घासून तो थर काढा, धुवा, आणि अगदी पातळ पारदर्शक काचभुकटी चाळून पुन्हा वितळवा.

मागची भुकटी किल्न वॉशची, म्हणजे काच चिकटू नये म्हणून भट्टीतल्या फळीला लावतात त्या लेपाची. पूर्ण वितळवल्यानंतर तो थर दुसऱ्यांदा वापरला की काचेला धरतो. दर वेळी खरवडून काढा (मास्क लावून), एक भाग पावडरीला पाच भाग पाणी घेऊन चार-पाच हात आडवे-उभे द्या, पूर्ण वाळू द्या.

प्रश्न : दोरा ओवायला भोक पाडावं की मागे कडी चिकटवावी?

उत्तर : भोक. २ मिमीचा डायमंड बिट, काच पाण्यात बुडवलेली, खाली टाकाऊ काचेचा आधार. भोक कडेपासून निदान काचेच्या जाडीइतकं आत हवं. बिट पलीकडे निघायच्या बेतात असतो तेव्हाच कपचा उडतो, तेव्हा शेवटचा अर्धा मिमी जवळजवळ दाब न देता. अर्ध्यावर उलटवून दुसऱ्या बाजूने पाडलंत तर आणखी बरं.