‘झुमा’ हा अमेरिकेचा गुप्त उपग्रह खरंच नष्ट झाला, की ती नुसती हूल होती?

माझं मत आधी सांगतो: झुमा गेला. पण ‘हूल असेल’ म्हणणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही, कारण त्यांच्या शंकेला एक जुना दाखला आहे.

८ जानेवारी २०१८, आपल्याकडे सकाळचे साडेसहा. केप कॅनाव्हरलहून स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटने झुमा नेला. बांधणी नॉर्थ्रॉप ग्रुमनची, मालक अमेरिकी सरकार. पण सरकारातलं कोणतं खातं, ते कुणीच सांगितलं नाही. मग अंदाजांना ऊत येणारच. दुसऱ्याच दिवशी बातम्या फुटल्या की उपग्रह रॉकेटच्या वरच्या टप्प्यापासून सुटलाच नाही. स्पेसएक्सच्या ग्विन शॉटवेल यांनी ‘फाल्कनने आपलं काम बरोबर केलं’ असं जाहीर केलं. नॉर्थ्रॉपने गोपनीयतेकडे बोट दाखवून तोंड मिटलं. पुढे वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं की चौकशीचा रोख उपग्रह धरून ठेवणाऱ्या अडॅप्टरवर आहे, आणि तो नॉर्थ्रॉपने पुरवलेला होता.

हूल मानणारे ‘यूएसए २८०’ या नोंदीवर फार भर देतात. अमेरिकी लष्कराच्या यादीत झुमाला हा क्रमांक मिळाला, म्हणजे तो वर आहे, असं त्यांचं म्हणणं. हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. एखादी प्रदक्षिणा पुरी झाली तरी नोंद होऊ शकते. उड्डाणानंतर सव्वादोन तासांनी सुदानमधल्या खार्टुमवर एका डच वैमानिकाने आकाशातल्या सर्पिल ढगाचा फोटो काढला. फाल्कनचा वरचा टप्पा खाली येण्याआधी उरलेलं इंधन सोडत होता. यावरून रॉकेट कक्षेत पोचलं होतं एवढं नक्की होतं. उपग्रह त्याला अडकलेला होता की नाही, ते त्या फोटोत दिसत नाही.

आता तो दाखला. फेब्रुवारी १९९० च्या अखेरीस उडालेल्या अमेरिकेच्या अटलांटिस यानाने एक लष्करी उपग्रह सोडला. मार्चमध्ये त्याचे तुकडे झाल्याचं सांगितलं गेलं. काही महिन्यांनी हौशी निरीक्षकांना वेगळ्याच कक्षेत एक उपग्रह दिसला, आणि हिशेब मांडल्यावर तो तोच असावा असं निघालं. दुर्बीण, स्टॉपवॉच आणि चिकाटी, एवढ्यावर त्यांनी हे केलं! मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. उड्डाणाआधी जहाजांना आणि विमानांना धोक्याच्या पट्ट्यांची सूचना द्यावीच लागते. तेवढ्यावरून ते कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी होणारा तिचा कोन, काढतात. झुमाचा त्यांनी सुमारे ५० अंश काढला होता.

मग मी ‘गेला’ का म्हणतो? खोटं अपयश पसरवायचं तर दोन बड्या कंपन्यांना आपल्या नावाला बट्टा लावून घ्यावा लागला असता, तोही पुढची सरकारी कंत्राटं मिळवायची असताना. शिवाय रशिया-चीनच्या रडारना बातम्या पेरून फसवता येत नाही. तुकडे झाल्याचं सांगितलेला तो १९९० चा उपग्रह पुन्हा कुणाला तरी दिसला. झुमाचं तसं काही झालं नाही.

शोध मात्र कसून झाला. कॅनडाचे हौशी रेडिओ निरीक्षक स्कॉट टिली त्याच महिन्यात झुमाचे संदेश धुंडाळत होते. त्यांना ऐकू आला नासाचा ‘इमेज’ उपग्रह, २००० साली सोडलेला आणि डिसेंबर २००५ पासून गप्प झालेला. जानेवारीअखेर नासाने तो इमेजच असल्याची खात्री केली. झुमाचा आवाज त्यांना मिळाला नाही.