पेडल पायाखालून सरकतंय, पण ब्रेक ऑइल तर फुल्ल आहे

प्रश्न : नमस्कार मेस्त्री. माझी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मे महिन्यापासून एक त्रास सुरू झालाय. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून थांबलो की पेडल हळूहळू खाली जातं, पाय उचलून परत दाबला की वर येतं. बाटलीत ऑइल मॅक्सच्या रेषेवर आहे, खाली कुठे थेंब नाही. एका गॅरेजमध्ये दोनदा एअर (ब्रेकच्या लाइनमध्ये अडकलेली हवा) काढली, मागच्या ड्रममधले ब्रेक शू पण नवीन घातले, तरी तेच, उलट दुसऱ्यांदा एअर काढल्यावर पेडल जास्तच खाली जायला लागलं. गॅरेजवाला म्हणतो जोरात मारून बघा, ब्रेक लागतोय ना? आणि जोरात मारला की खरंच लागतो. चवथीच्या आधी चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय, आई-बाबा सोबत असतील. जाऊ की नको?
– एक वाचक, सांखळी

उत्तर : नको. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर वाचा. केरीहून वर चढताना तुम्हाला काही कळणार नाही, पण परत येताना तोच घाट उतरायचाय आणि तेव्हा पाय सतत ब्रेकवर असतो, हलका, दाबून धरलेला. नेमका तसाच दाब तुमची गाडी धरून ठेवत नाहीये. काम होईपर्यंत गाडी अंगणातच राहू द्या, बेळगावला बसने जा.

आता का ते सांगतो. संशय आहे मास्टर सिलिंडरवर. मास्टर सिलिंडर म्हणजे बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला, पायाचा जोर वाढवणाऱ्या त्या मोठ्या काळ्या बूस्टरच्या पुढे जी धातूची नळकांडी असते आणि जिच्या डोक्यावर ऑइलची बाटली बसलेली असते ती. तिच्यात एकापुढे एक असे दोन पिस्टन असतात आणि त्यांच्यावर रबरी कप असतात. दोन अशासाठी की ब्रेकची लाइन दोन भागात वाटलेली असते, एक भाग गेला तरी दुसऱ्याने गाडी थांबावी. तुम्ही पेडल दाबलं की कप पुढे सरकतो, बाटलीकडे जाणारं बारीक भोक बंद होतं आणि पुढचं ऑइल कोंडून चाकांकडे दाब जातो. त्या कपाची कड जरा जरी कातरली गेली की कोंडलेलं ऑइल तिच्या बाजूने मागे निसटतं, आणि मागची जागा बाटलीला जोडलेलीच असते, म्हणजे ऑइल फिरून आपल्याच घरी. म्हणून तुमची बाटली फुल्ल दिसते आणि खाली थेंब पडत नाही. गळती आहे, पण ती आतल्या आत आहे.

आणि जोरात मारल्यावर ब्रेक लागतो त्याचंही कारण हेच. जोराच्या दाबाने रबराची कड फाकून भिंतीला चिकटते, ऑइल निसटायला वाव मिळत नाही. हलक्या दाबाला ती तेवढी फाकत नाही. त्यामुळे जोरात ब्रेक मारून घेतलेली टेस्ट ही या आजाराची टेस्टच नाही. सपाट जागी गाडी लावा, हँडब्रेक ओढा, चाकामागे चिऱ्याचा तुकडा ठेवा, इंजिन चालू करा आणि पेडल हलकंच दाबून अर्धा मिनिट तसंच धरा, म्हणजे सिग्नलला धरतो तेवढंच. पेडल खाली खाली जात राहिलं तर संशय पक्का. फक्त एक लक्षात ठेवा, इंजिन बंद असताना पेडल दाबून धरलं आणि मग स्टार्टर मारला तर ते एकदा थोडं खाली बसतं आणि थांबतं, तो बूस्टर मदतीला आला, तो दोष नाही. थांबतं का जातच राहतं एवढंच बघायचं. नुसती एअर असेल तर पेडल स्पंजसारखं लागतं आणि दोन-तीनदा पंप केलं की टणक होऊन टिकतं. मागचे शू घासले असतील तर पेडल खोल जाऊन लागतं, पण लागल्यावर तिथेच राहतं. तुमचं यातलं एकही नाही.

आता एअर काढल्यावर जास्त का झालं? हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण ते टाळता आलं असतं. रोजच्या ब्रेकला पिस्टन सिलिंडरच्या पहिल्या थोड्या भागातच मागेपुढे होतो. पुढचा भाग वर्षानुवर्षं कोरा पडून राहतो, तिथे पाणी आणि घाण साचते, भिंतीला गंज धरतो किंवा बारीक खड्डे पडतात. एअर काढताना कुणीतरी आत बसून पेडल जमिनीला टेकेपर्यंत पंप करतो, मग कप त्या खरखरीत भागावरून घासतो आणि त्याची कड कापली जाते. मागे एकदा असाच एक सिलिंडर उघडून कप बोटावर धरला होता, कडेला नखाच्या चंद्रकोरीएवढी चिर, बाकी रबर अगदी चांगलं, आणि सिलिंडरातून निघालेलं ऑइल दूध न घातलेल्या चहाच्या रंगाचं. जुन्या गाडीची एअर काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल पूर्ण खाली जातच नाही. कुठल्याही मेस्त्रीला हे सांगायला लाजू नका.

तरीही नवीन पार्ट आणण्याआधी खात्री करून घ्या. चारही टायर आतल्या बाजूने ओले आहेत का बघा, ड्रम काढून आतल्या व्हील सिलिंडरची, म्हणजे शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची, रबरी टोपी उचलून बघा, पेडल दाबल्यावर रबरी पाइप फुगतोय का तेही बघा. सगळं कोरडं असेल तर मास्टर सिलिंडरच्या पाइप काढून त्या भोकांना बरोबर आट्यांचे बंद प्लग लावायला सांगा. आता पेडल वरच टणक राहिलं तर सिलिंडर चांगला आणि दोष पुढे कुठेतरी, तरीही खाली गेलं तर सिलिंडरच गेलाय, वाद संपला. एबीएसवाल्या गाडीत ही टेस्ट जास्तच महत्त्वाची, कारण एबीएसच्या युनिटमध्ये आतून गळती असली तरी पेडल असंच बसतं.

बदलायचं काम अवघड नाही पण घाईचंही नाही. इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा दाबा म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम जाईल. बाटलीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून घ्या, लेव्हलच्या सेन्सरची वायर सोडवा. पाइपच्या नटांना साधा फिक्स पाना लावू नका, आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत ते नट जाम झालेले असतात आणि कोपरे मेले की अख्खी पाइप बदलावी लागते. ब्रेक पाइपसाठी फ्लेअर नट पाना मिळतो, एका बाजूने चिरलेल्या रिंगसारखा, तोच लावायचा. खाली फडकं धरा, ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता. मग बूस्टरवरचे दोन नट काढले की सिलिंडर पुढे निघतो. तो बाहेर असताना कुणीही पेडलला पाय लावायचा नाही.

नवीन सिलिंडर गाडीत चढवायच्या आधी त्याची एअर टेबलावर काढायची, हे बरेच जण टाळतात आणि मग दोन-दोन दिवस पेडल स्पंजच राहतं. सिलिंडर वाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) सपाट पकडा, पकड फक्त नट बसतात त्या कानाला, पोटाला नाही. दोन्ही भोकांना छोट्या नळ्या लावून त्यांची तोंडं बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा आणि गोल टोकाच्या लाकडी दांड्याने पिस्टन सावकाश दाबा, सावकाश सोडा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग राईएवढे, मग बंद होतात. ते बंद होईपर्यंत थांबायचं.

बसवताना बूस्टरच्या दांड्याची लांबी जुन्याशी जुळतेय का ते मोजून घ्या आणि मधली रबरी रिंग नवीन घाला. दांडा जास्त लांब झाला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ते बारीक भोक बंदच राहतं आणि गाडी चालता चालता तापून ब्रेक आपोआप आवळले जातात. दांडा आखूड झाला तर पेडल अर्धं वाया जातं. मग चारही चाकांची एअर, साधारणपणे सगळ्यात लांबच्या चाकापासून म्हणजे आपल्याकडे डाव्या मागच्यापासून, पण ज्या गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी वाटलेली असते तिथे कंपनीचा क्रम वेगळा असू शकतो, तो मॅन्युअलमध्ये बघूनच करा. झालं की परत तीच अर्ध्या मिनिटाची टेस्ट, आणि चार-पाच किलोमीटर फिरवून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक आवळलाय. फोंड्याची गाडी असली की मी शेवटी फर्मागुडीच्या चढावर नेऊन हलक्या ब्रेकवर थांबवून बघतो, मगच चावी देतो.

प्रश्न : माझ्या गाडीचं ऑइल दर महिन्याला थोडं थोडं कमी होतंय. चारही चाकं उघडून बघितली, सगळं कोरडं आहे. अलीकडे पेडल पण जड झालंय. ऑइल जातंय कुठे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, ब्रेक पॅड घासत गेले की बाटलीतली लेव्हल थोडी उतरतेच, पण ते काम वर्षाचं, महिन्याचं नाही. तुमचं ऑइल बहुतेक बूस्टरच्या पोटात जातंय. मास्टर सिलिंडरचं मागचं रबर गेलं की ऑइल बाहेर जमिनीवर न पडता थेट बूस्टरमध्ये उतरतं. दिवसा उजेडात सिलिंडर आणि बूस्टर जिथे जुळतात त्याच्या खाली बघा, तिथला काळा रंग फुगून पापुद्रे निघाले असतील किंवा बोटाला ओलसर लागलं तर तेच. नाही दिसलं तर दोन नट सैल करून सिलिंडर पाइपांना ताण न देता जरासा पुढे ओढायला सांगा, मागचं टोक ओलं निघेल. पेडल जड होतंय म्हणजे बूस्टरला पण त्रास सुरू झालेला असू शकतो, आतला रबरी पडदा ब्रेक ऑइल सहन करत नाही. तेव्हा नुसता सिलिंडर बदलून थांबू नका, बूस्टर पण तपासून घ्या : इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा दाबा, मग दाबून धरून स्टार्टर मारा, पेडल थोडं खाली बसायला पाहिजे. बसलं नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूमचा पाइप गेलाय. आणि तोपर्यंत लेव्हल रोज सकाळी बघा, ती मिनच्या खाली जाऊ देऊ नका, एकदा हवा आत शिरली की पेडल एकदम रिकामं जाईल.

प्रश्न : मी बोटीवर असतो, गाडी सहा-सहा महिने शेडमध्ये उभी असते. ऑइल चार वर्षांपूर्वीचं आहे. आता मास्टर सिलिंडरला दोष सांगितलाय, नुसतं रबर किट घालू की पूर्ण नवीन घेऊ?
– एक वाचक, वास्को

उत्तर : पूर्ण नवीन. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत ओल किती असते ते तुम्हाला सांगायला नको, त्यात वास्कोला समुद्र दारात. ते पाणी आतून भिंत खातं. खड्डे पडलेल्या भिंतीवर नवीन रबर घातलं तर तेही काही दिवसात कातरणार. जुन्या जीपचे बिडाचे सिलिंडर आम्ही आतून हलकं घासून किट घालायचो, पण हल्लीच्या गाड्यांत ॲल्युमिनियमचा सिलिंडर असतो, आतला कडक थर घासला की तो कामातून गेला. किट फक्त तेव्हाच, जेव्हा भिंत बॅटरीच्या उजेडात आरशासारखी दिसते आणि नख कुठे अडकत नाही.

पाण्याचा दुसरा धोका पण समजून घ्या. डॉट 3, डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे प्रकार. डॉट 3 चं कोरं ऑइल निदान 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की ती हद्द 140 वर आलेली चालते. डॉट 4 ला हेच आकडे 230 आणि 155. अनमोड घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइल उकळलं, वाफ झाली की पेडल सरळ खाली, मास्टर सिलिंडर कितीही नवीन असला तरी. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी चालली असो वा नसो. बाटलीच्या झाकणावर डॉट 3 की 4 लिहिलेलं असतं ते बघा, आणि डॉट 5 कधीही घालू नका, ते सिलिकॉनचं असतं, यांच्यात मिसळत नाही.

प्रश्न : पेट्रोल पंपावर मुलाने ब्रेकच्या बाटलीत चुकून पॉवर स्टिअरिंगचं ऑइल घातलं. थोडंसंच गेलंय. सिरिंजने काढलं तर चालेल का? गाडी त्यानंतर घरापर्यंत चालवत आणली.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : मुलाला रागावू नका. आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो म्हणून ही चूक होते, खरं तर ते तेल नव्हेच. वाटीत पाणी घ्या आणि बाटलीतला थेंब त्यात सोडा. ब्रेकचं ऑइल पाण्यात विरघळून दिसेनासं होतं, तेल वर तवंग होऊन तरंगतं. तवंग दिसला तर सिरिंजने काढून भागणार नाही, कारण तुम्ही पेडल दाबत घरी आलात आणि ते खाली लाइनमध्ये गेलंय. बाटलीच्या झाकणातलं रबर काढून बघा, ते फुगून सैल पडलं असेल किंवा खोबणीत परत बसत नसेल तर आतल्या कपांचं पण तेच होणार, मग ब्रेक सुटणार नाहीत, आवळून राहतील. मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर, पुढच्या डिस्कवरच्या कॅलिपरची रबरं, चारही रबरी पाइप, सगळं बदलायचं आणि लोखंडी पाइप कोऱ्या ब्रेक ऑइलने धुवून काढायच्या. खर्च मोठा आहे, मला माहीत आहे, पण यातलं एकही रबर जुनं ठेवू नका. आणि गाडी गॅरेजला चालवत नेऊ नका, टोइंगवाल्याला बोलवा.