वाचकांचे प्रश्न : झोपलेला पैसा

प्रश्न : माझं वय 46. राहत्या घराचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. एजंट म्हणतात, 'घरात पैसा झोपून आहे, त्याला कामाला लावा.' त्यांची योजना अशी : जुनं घर तारण ठेवून नव्या फ्लॅटच्या किमतीच्या 25 टक्के रक्कम उचलायची आणि उरलेल्या 75 टक्क्यांसाठी गृहकर्ज घ्यायचं. खिशातून काहीच नाही. भाडं वर्षाला किमतीच्या साडेतीन टक्के मिळेल. करावं का?

उत्तर : बँकेच्या कर्ज विभागात माझी 26 वर्षं गेली. 'खिशातून काहीच नाही' हे वाक्य मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून ऐकलंय, म्हणून आधी आकडे मांडतो.

फ्लॅटची किंमत 100 धरा. गृहकर्ज 75, समजा 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी. तारण कर्ज 25. ते बहुतेक वेळा महाग आणि कमी मुदतीचं असतं, म्हणून 10 टक्के आणि 15 वर्षं धरू. दोन्ही हप्ते मिळून वर्षाला सुमारे 11.3 होतात. भाडं साडेतीन. त्यातून एखादा रिकामा महिना, देखभाल, कर वजा केला की हातात पावणेतीनच्या आसपास. म्हणजे दरवर्षी किमतीच्या साडेआठ टक्के पगारातून जाणार. खिसा तुमचाच, फक्त एका दमात रिकामा होत नाही इतकंच. (दस्त, नोंदणी आणि एजंटची दलाली यात धरलेलीच नाही. त्याची दलाली मात्र पहिल्याच दिवशी मिळते.)

पहिल्या वर्षीचं नुसतं व्याजच 9 च्या वर जातं. भाडं वजा केलं तरी फ्लॅटचा भाव वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या जवळपास चढला, तर तुम्ही जेमतेम बरोबरीत.

आणि दर तरता, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणारा, असेल तर? 9 चा 11 झाला की 20 वर्षांचा हप्ता सुमारे 15 टक्क्यांनी वाढतो. 'हप्ता तोच ठेवा, मुदत वाढवा' असं लोक सहज म्हणतात. पण सुरुवातीच्या काळात दर 11 वर गेला, तर जुन्या हप्त्यातून त्या महिन्याचं व्याजही पुरतं फिटत नाही. मुद्दल कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागतं, मग मुदत किती वाढवणार? तशीही ती तुमच्या 66 व्या वर्षी संपतेय.

माझंही सांगतो. नोकरीत असतानाच मी राहतं घर तारण ठेवून एक गाळा घेतला. भाडेकरू गेला आणि गाळा सात महिने रिकामा राहिला. हप्ते भविष्य निर्वाह निधीतून भरले. बायकोला ते पाचव्या महिन्यात कळलं. त्या संध्याकाळबद्दल इथे लिहीत नाही. पैशाची चणचण सोसता येते. पण ज्या छपराखाली आपण झोपतो तेच एका परक्या माणसाच्या भाड्यावर टेकलंय, ही जाणीव रात्री दोनला उठवते.

तुमचा पैसा झोपलेला नाही. तुम्ही भाडं भरत नाही, ही त्याचीच कमाई आहे.

कर्ज काढूच नका, असं मी म्हणत नाही. 25 टक्के स्वतःच्या बचतीतले असतील, वर वर्षभराचे हप्ते बाजूला असतील, तर एका गृहकर्जावर दुसरं घर घेणाऱ्यांना मी हरकत घेतली नाही. दोन्ही कर्जं एकाच बँकेची असतील, तर करारात एक थकलं की दुसरंही थकीत धरण्याचं कलम आहे का, तेवढं वकिलाकडून वाचून घ्या.

सही करण्याआधी एक करा. साडेआठचा बारावा भाग, म्हणजे फ्लॅटच्या किमतीच्या 0.7 टक्के, दर महिन्याच्या एक तारखेला वेगळ्या खात्यात टाका. असं सहा महिने करा, एकही महिना न चुकवता. मग मला पुन्हा लिहा. चार टक्क्यांहून जास्त रक्कम जमलेली असेल, आणि 25 ऐवजी 21 चंच कर्ज लागेल.