गोल्फमध्ये एक फटका बिघडला की पुढचेही बिघडत जातात. मन कसं सावरायचं?

राग गिळू नका, त्याला मुदत द्या. चेंडू झाडीत गेला, तर क्लब, म्हणजे फटका मारायची काठी, बॅगेत परत जाईपर्यंत काय चरफडायचं ते चरफडून घ्या. क्लब आत गेला की विषय संपला. मग चालता चालता श्वास सावकाश सोडा. चिडलेल्या माणसाची ग्रिप घट्ट होते, स्विंग घाईत होतो आणि खरं नुकसान तिथे होतं. भरपाई करायची म्हणून झाडांच्या फटीतून अचाट फटका मारायला तर मुळीच जाऊ नका! मुकाट्याने चेंडू फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मोकळ्या पट्ट्यावर काढा. गोल्फपटू रोरी मॅकिलरॉयने २०२५ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी पहिल्याच होलवर डबल बोगी केली (म्हणजे ठरलेल्यापेक्षा दोन फटके जास्त घेतले), १३ व्यावर पुन्हा केली, आणि तरीही बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये स्पर्धा जिंकली.