दुसरा ग्लास भरावासा वाटतो का?

बीअरच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काम केलं. रोज सकाळी अकरा वाजता, जीभ ताजी असताना, टाक्यांतले नमुने चाखायचे आणि वहीत नोंद करायची. या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच वादाची आहेत: क्राफ्ट बीअर (सहसा लहान कारखान्यांची, वेगळ्या चवींची) की नेहमीची स्वस्त लागर (थंडीत सावकाश आंबवलेली फिकट बीअर)? म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिला आहे.

प्रश्न: ताई, आम्ही सहा मित्र महिन्यातून एकदा पत्ते खेळायला जमतो. सगळे नेहमीची स्वस्त लागर आणतात. मला दोन वर्षांपासून क्राफ्ट बीअरची गोडी लागली आहे, म्हणून मी माझे दोन कॅन वेगळे घेऊन जातो. परवा एकाने विचारलं, "आमची बीअर आता तुला चालत नाही का?" मी बोलून गेलो, "ती बीअर नाहीच, पाणी आहे." तेव्हापासून त्याचा अबोला आहे. खरं सांगा, मी चूक बोललो का?

उत्तर: चूक बोललात. मित्राचं मन दुखावलं ते तर आहेच, पण बीअरच्या दृष्टीनेही ते खरं नाही.

फिकट लागरमध्ये दोषाला लपायला जागा नसते. भाजक्या माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, काळ्या स्टाउटमध्ये किंवा हॉप्सनी, म्हणजे कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांनी, भरलेल्या आयपीए नावाच्या कडू बीअरमध्ये लहानशी चूक खपून जाते, कारण जिभेपुढे इतर पुष्कळ काही असतं. लागरला असं पांघरूण नाही. आंबवण चालू असताना डायअसेटिल नावाचा पदार्थ तयार होतो, त्याला लोण्यासारखा वास येतो. पुढे बीअर आंबवणारं यीस्टच तो शोषून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो आणि शेवटी तापमान थोडं वाढवावं लागतं. टाकी तयार झाली का हे आम्ही असं बघायचो: एकाच नमुन्याचे दोन भाग करायचे, एक थंड ठेवायचा, दुसरा झाकण लावून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, मग दोन्ही सारखे गार करून हुंगायचे. गरम केलेल्या भागाला लोण्याचा वास आला तर टाकी अजून कच्ची. एका उन्हाळ्यात मागणी इतकी वाढली की वरून निरोप आला, टाकी आजच रिकामी करा. मी दोन्ही फ्लास्क घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांना हुंगायला लावलं. टाकी चार दिवस थांबली. ती बीअर पिणाऱ्यांना त्यात काहीच विशेष जाणवलं नसेल. जाणवू नये, यासाठीच तर ते चार दिवस होते.

तुम्ही जिला पाणी म्हणालात तिचं कूळही मोठं आहे. आजच्या चेकियातल्या, बोहेमिया प्रांतातल्या पिल्झेन गावात १८३८ मध्ये लोकांनी खराब निघालेली ३६ पिंपं बीअर नगरभवनासमोर ओतून दिली. मग नागरिकांनी मिळून स्वतःचा कारखाना उभारला आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल या कारागिराला बोलावलं. फिकट माल्ट, तिथलं मृदू पाणी, झाटेत्स गावचे हॉप्स आणि थंडीत सावकाश काम करणारं यीस्ट यांतून १८४२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने सोनेरी बीअर केली. जगभर खपणाऱ्या फिकट लागर तिच्याच वंशातल्या. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सन यांनी यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिचं शुद्ध वाण वाढवलं, आणि कारखान्याने ते स्वतःपुरतं न ठेवता इतरांनाही दिलं. त्याआधी टाकी चांगली उतरणं बरंचसं नशिबावर होतं. मला हान्सन यांच्याबद्दल फार आदर आहे. माझी नोकरीच त्यांच्या त्या एका पेशीवर उभी होती.

आता तुमच्या कॅनबद्दल. कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. नेहमीच्या लागरमध्ये तो साधारण १० असतो, आयपीएमध्ये ४० ते ७०. कडू चव घोटागणिक जिभेवर साचत जाते. पहिल्या घोटाला जे संत्र्याच्या सालीसारखं, देवदारासारखं लागतं ते दुसऱ्या कॅनच्या मध्यावर नुसतं कडू लागतं. त्यातून तुमचं अर्धं लक्ष पत्त्यांत. म्हणजे ज्या सुगंधासाठी तुम्ही जास्त पैसे दिले तो घ्यायला तुम्ही तिथे नसताच. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक लागरला शेवटी एक प्रश्न विचारायचो: दुसरा ग्लास भरावासा वाटतो का? तीन तास चालणाऱ्या डावाला हाच प्रश्न लागू पडतो. क्राफ्ट बीअर लक्ष मागते, आणि मागावंच तिने. पण लक्ष दुसरीकडे असेल तेव्हा जी सोबत बसते आणि काही मागत नाही, ती हलकी ठरत नाही.

पुढच्या वेळी आधी मित्राची माफी मागा. मग पत्ते पिसण्याआधी तुमचा एक कॅन सहा लहान ग्लासांत वाटा. कोणाला काय वास येतो ते विचारा, स्वतः आधी सांगू नका. त्यानंतर त्यांची लागर प्या आणि खेळा.

प्रश्न: माझे दीर म्हणतात सगळ्या स्वस्त लागर सारख्याच, फक्त लेबल वेगळं. यजमान म्हणतात डोळे मिटूनही त्यांना त्यांची बीअर ओळखता येते. ताई, निकाल कसा लावायचा?

उत्तर: आम्ही लावायचो तसाच, तीन ग्लासांनी. दोन ग्लासांत एक बीअर, तिसऱ्यात दुसरी. ग्लास सारखे, बीअर सारखीच थंड, आणि ओतताना चाखणारा खोलीबाहेर. त्याने फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. 'माझी बीअर कुठली' हे विचारायचंच नाही, ते पुढचं. नुसत्या अंदाजानेही तीनपैकी एकदा बरोबर येतं, म्हणून एका फेरीवर जाऊ नका. वेगळ्या ग्लासची जागा बदलत सहा फेऱ्या करा. पाच किंवा सहा बरोबर आल्या तर यजमानांचं म्हणणं मानायला हरकत नाही. अंदाजपंचे तेवढं जमण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षाही कमी आहे. प्रत्येक वेळी दोनच घोट घ्या आणि मध्ये पाणी प्या. फरक खरोखर बारीक असतो, तेव्हा ओळखता आलं नाही तर दिरांनी चिडवू नये. रोज हेच काम करणाऱ्या आमच्या चमूतही माणसं चुकायची.

प्रश्न: स्वस्त लागरमध्ये तांदूळ आणि मका घालतात असं वाचलं. ही भेसळच नाही का? क्राफ्टवाले निदान शुद्ध माल्ट वापरतात.

उत्तर: भेसळ लपवून करतात. तांदूळ किंवा मका घालणं ही उघड पाककृती आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या जर्मन कारागिरांना तिथली सहा रांगांच्या कणसाची बार्ली मिळाली. तिच्यात प्रथिनं जास्त, त्यामुळे बीअर गढूळ आणि जड व्हायची. मका आणि तांदूळ यांतून स्टार्च मिळतो, प्रथिनांची भर फारशी पडत नाही. म्हणून अंग हलकं झालं, रंग स्वच्छ झाला. पुढे त्यात पैसे वाचवण्याचा भाग आला हे मी नाकारणार नाही. काही कारखान्यांनी माल्ट आणि हॉप्स इतके कमी केले की चवीचा पायाच गेला. अशा लागरला तुम्ही पाणचट म्हणालात तर मी तुमच्या बाजूने आहे. दोष तांदळाचा नाही, हात आखडता घेण्याचा आहे.

'शुद्ध' या शब्दावरही फार विसंबू नका. बव्हेरियाच्या १५१६ च्या बीअरच्या नियमात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच होतं, पण बेल्जियमची पांढरी बीअर मोड न आणलेल्या गव्हाशिवाय होत नाही, आणि ती उत्तम असते. अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशन या बीअर कारखान्यांच्या संघटनेच्या 'क्राफ्ट'च्या व्याख्येत मका-तांदळावर आधी बंधन होतं, ते २०१४ मध्ये काढलं. त्या व्याख्येत वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत बीअर करणारा कारखानाही 'क्राफ्ट' ठरू शकतो. एक बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर. तेव्हा हा शब्द कारखान्याची मालकी आणि आकार सांगतो, ग्लासातल्या बीअरची हमी देत नाही.

प्रश्न: मोठ्या हौसेने पेल एल नावाच्या क्राफ्ट बीअरच्या चार बाटल्या आणल्या. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव लागली. विक्रेता म्हणाला, "क्राफ्टची चव अशीच असते, सवय व्हावी लागते." मला वाटलं, माझीच जीभ कमी पडते.

उत्तर: तुमची जीभ अगदी बरोबर आहे. त्या बाटल्या शिळ्या होत्या. तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं, कारण अशा एका बाटलीमुळे माणसं चांगल्या बीअरला कायमची मुकतात.

बीअर जुनी झाली, विशेषतः उष्णतेत पडून राहिली, की ट्रान्स-२-नॉनेनल नावाचा पदार्थ जाणवू लागतो. त्याचा वास अगदी ओल्या पुठ्ठ्याचा. लागरही शिळी होते, पण तिचा खप मोठा, त्यामुळे ती दुकानात फार दिवस पडून राहत नाही. क्राफ्टच्या बाटल्या मात्र महिनोन्महिने फळीवर बसतात, आणि नेमकं त्यांचंच मोल सर्वांत आधी उडून जाणाऱ्या गोष्टीत असतं. हॉप्सची सुगंधी तेलं उकळताना निघून जातात, म्हणून कारागीर थंड बीअरमध्ये पुन्हा हॉप्स भिजवतात. तो ताजेपणा काही आठवड्यांचाच असतो. शिळी क्राफ्ट आणि ताजी स्वस्त लागर समोर ठेवलीत तर मी क्षणाचाही विचार न करता लागर उचलेन.

घेताना भरल्याची तारीख बघा. ती नसेल आणि फक्त 'अमुक तारखेपूर्वी' असेल, तर ती तारीख जितकी लांबची तितकं बरं. पारदर्शक किंवा हिरवी बाटली उजेडात ठेवलेली असेल तर घेऊच नका. उजेडाने हॉप्समधले कडू घटक तुटतात आणि गंधकाची दुर्गंधी येते. स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्याशी तिची तुलना करतात ते खरंच आहे. तपकिरी काच बरंच संरक्षण देते, कॅन पूर्ण. टिकवायचीच असेल तर इम्पीरियल स्टाउट किंवा बार्ली वाइन घ्या, या जास्त अल्कोहोलच्या बीअर मुरतात. पेल एल मुरत नाही, मरते.

प्रश्न: मी मोजून दोनच कॅन प्यायले आणि डोकं गरगरलं. मैत्रिणीने चार बाटल्या प्यायल्या, ती ठीक होती. क्राफ्ट बीअर बाधते का?

उत्तर: बीअर बाधली नाही, मोजणी चुकली. ४.५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर लागरमध्ये सुमारे १२ ग्रॅम अल्कोहोल असतं. ७.५ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटर कॅनमध्ये जवळजवळ ३०. तुमचे कॅन असे आणि तिच्या बाटल्या तशा असतील, तर तुमचे दोन कॅन म्हणजे तिच्या पाच बाटल्या. यकृत तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅमच हाताळू शकतं. कॅनवरचा टक्का आणि मिलिलिटर हे दोन्ही आकडे आधी वाचा, ग्लास मोजू नका. बसणं लांबणार असेल तर ४ टक्क्यांच्या आसपासचं काहीतरी घ्या. हल्ली क्राफ्टवालेही 'सेशन' नावाने तशा हलक्या बीअर करतात आणि त्यांतल्या काही फार सुंदर असतात. गाडी चालवायची असेल तर यातलं काहीच नको.

प्रश्न: ग्लास फ्रीझरमध्ये ठेवावा का?

उत्तर: नको. बर्फाळ काचेवर फेस बिघडतो आणि जीभ बधिर होते. लागर ४ ते ६ अंशांवर, पेल एल ८ ते १० वर. ग्लास स्वच्छ असणं जास्त महत्त्वाचं, तेलाचा एक थेंबही फेस मोडतो.

प्रश्न: ताई, तुम्ही स्वतः काय पिता?

उत्तर: गेल्या महिन्यात जुन्या प्रयोगशाळेतल्या आम्ही चौघी सात वर्षांनी भेटलो. साधी लागर होती, आणि दोन तासांत कोणी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कुणाची मुलगी परदेशी गेली, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं बोलून झालं. मग एकीने पिशवीतून इम्पीरियल स्टाउटची एक बाटली काढली, चार वर्षं जपून ठेवलेली. प्रत्येकीला अर्धा पेलासुद्धा आली नाही. चौघींनी आधी नाक लावलं. मग सगळ्यात धाकटी, जी माझ्या हाताखाली फ्लास्क हुंगायला शिकली होती, डोळे मिटूनच म्हणाली, "बाई, लोणी नाही."