त्सुगला येताय, पण त्या श्रीमंत गावात खरंच राहतं कोण?

तू लिहिलंस की नवऱ्याला कंपनी हिंजवडीहून स्वित्झर्लंडला, त्सुगच्या ऑफिसात पाठवतेय. 'करोडपतींचं गाव' असं कुठेतरी वाचून घरात सगळ्यांनी धास्ती घेतलीय. नोकरदार माणसाला तिथे परवडेल का, शेजार कसा असेल, पाच वर्षांची लेक एकटी पडेल का? मी मूळची कोथरूडची, आता बरीच वर्षं त्सुगशेजारच्या खाममध्ये राहते. थोडं सविस्तर लिहिते, कारण पुण्याहून येणारी मंडळी घर ठरवताना गावाच्या नावावर जातात आणि मग महिन्याच्या हिशेबात अडकतात.

आधी गाव समजून घे. त्सुग शहराची वस्ती तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या प्रभागापेक्षाही कमी. कोणे एके काळी हा गरीब, शेतकरी भाग होता. चेरीची झाडं, गाईगुरं आणि तळं. 1896 साली विजेचे मीटर बनवणारी लांडिस अँड गीर ही कंपनी इथे सुरू झाली, तिच्या आगेमागे धातूकामाचे आणखी कारखाने आले, आणि गाव कामगारांचं झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून माणसं आली ती याच कारखान्यांत. पैसा आला तो नंतर, कर कमी ठेवल्यामुळे. 1974 मध्ये मार्क रिच नावाच्या व्यापाऱ्याने इथे कच्च्या मालाच्या व्यापाराची कंपनी काढली. आजच्या ग्लेनकोर या बड्या खाण-व्यापार कंपनीचं मूळ तेच, आणि तिचं मुख्यालय शेजारच्या बार गावात आहे. 2016 मध्ये तर नगरपालिकेने छोट्या शुल्कांसाठी बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली.

यातला बराच पैसा कागदावर राहतो. त्सुग कँटनमध्ये (कँटन म्हणजे इथलं राज्य) तीस हजारांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या आहेत. स्टेशनजवळच्या एखाद्या साध्या इमारतीच्या दाराशी उभी राहा. घंटीच्या पट्टीवर ओळीने कंपन्यांची नावं दिसतील, एकेका मजल्यावर डझनभर. वर मात्र एखादा वकील, एक हिशेबनीस आणि कॉफीचं यंत्र. ही 'वस्ती' दूध आणायला खाली उतरत नाही, तिची मुलं शाळेत येत नाहीत. तिच्याशी तुमचा संबंध एकच: जागेचे भाव तिच्यामुळे चढलेत.

मग राहतं कोण? पहिले इथले जुने. बाणेर-बालेवाडीत ज्यांच्या शेतांवर टॉवर उभे राहिले, तशी इथेही घराणी आहेत. बरीच जंगलं आणि जमिनी अजून त्यांच्या पिढीजात संस्थेकडे आहेत. दुसरे त्या कारखान्यांतल्या कामगारांची मुलं-नातवंडं, जी आज इथेच शिक्षक आहेत, बँकेत आहेत. तिसरे आपल्यासारखे, कंपनीने आणलेले, भाड्याच्या फ्लॅटमधले. कँटनच्या लोकसंख्येत दहातले जवळपास तीन परदेशी आहेत, त्यामुळे तुम्ही नवखे वाटणार नाही. तळ्याकाठच्या उतारावर खरे गडगंज राहतात, पण ते तुला भाजी घेताना भेटणार नाहीत.

आणि चौथे, ज्यांच्यावर गाव चालतं, ते इथे राहतच नाहीत. सकाळी जवळच्या लुझर्न शहराकडून येणारी एस-वन लोकल त्सुगला थांबली की बघ. नर्सा, स्वयंपाकी, सफाईवाल्या बायका, दुकानातल्या मुली, सगळे धडाधड उतरतात आणि संध्याकाळी उलट्या गाडीने परत जातात. इथे जन्मलेली तरुण पोरंसुद्धा लग्न झालं की भाडं झेपत नाही म्हणून लुझर्नकडे नाहीतर आरगाउ कँटनच्या गावांत सरकतात. मला याचं फार वाईट वाटतं. आजारी म्हाताऱ्यांची सेवा करणारी बाई त्याच गावात घर घेऊ शकत नसेल, तर त्या श्रीमंतीत काहीतरी चुकतंय.

आता कराचं. स्वित्झर्लंडमध्ये कर तीन ठिकाणी जातो: केंद्र, कँटन आणि गाव. केंद्राचा सगळीकडे सारखा, बाकीचे दोन जागेनुसार बदलतात. नव्या परवान्यावर आलेल्या माणसाचा कर पगारातूनच कापतात, आणि त्या कपातीचा दर अख्ख्या कँटनला एकच असतो. म्हणजे पगार वर्षाला 1,20,000 फ्रँकच्या खाली असेल, तर त्सुग शहर की खाम याने त्या कपातीत फरक पडत नाही. त्यावर असेल तर नंतर विवरणपत्र भरावं लागतं आणि गावाचा दर लागतो. कमी कराचा खरा फायदा मोठ्या उत्पन्नाला. मध्यम पगारात जे वाचतं ते घरमालक घेऊन जातो. तीन बेडरूमचं घर शहरात महिना तीन हजार फ्रँकच्या आत मिळालं तर नशीब समजा. म्हणून खाम, रोटक्रॉइत्स, अगदी लुझर्नसुद्धा बघा. लुझर्नहून गाडीला पंचवीसेक मिनिटं लागतात.

घर मिळवणं हीच मोठी लढाई. एका फ्लॅटला रांगेने लोक येतात. मालक तुमच्यावर कर्जवसुलीची नोंद नाही असा सरकारी दाखला मागतो, जो नव्या माणसाकडे नसतो. त्याऐवजी कंपनीचं पत्र आणि पगाराचा करार सोबत ठेवा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांची, आणि ती तुमच्याच नावाच्या बंद खात्यात राहते, मालकाच्या खिशात नाही.

लेकीची काळजी करू नकोस. सरकारी शाळा फुकट आणि चांगली, फक्त शाळा तुम्ही निवडत नाही, पत्त्यावरून ठरते. लहान मुलं गळ्यात चमकदार त्रिकोणी पट्टा घालून आपली आपण चालत जातात. तिला आठवडाभर धडधडेल तुझ्याइतकंच, मग मैत्रिणी होतील. अडचण वेगळीच आहे: दुपारी मुलं जेवायला घरी येतात. तुलाही नोकरी करायची असेल तर जेवणाची आणि नंतरची सोय पैसे भरून करावी लागते, आणि पाळणाघर दिवसाला शंभर फ्रँकच्या वर जातं. आंतरराष्ट्रीय शाळेचा विचार कंपनी फी भरणार असेल तरच करा. वरच्या इयत्तांत ती वर्षाला तीस हजार फ्रँकच्या पुढे जाते.

आरोग्यविमा आल्यापासून तीन महिन्यांत घ्यावाच लागतो, मुलीचाही वेगळा. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा श्रीलंकेच्या तमिळ दुकानांत मिळतात, त्यामुळे बॅगा मसाल्यांनी भरू नका.

सही करण्याआधी नवऱ्याला कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्यायला सांग: राहण्याचा परवाना एल (थोड्या मुदतीचा) की बी (लांब मुदतीचा), पहिल्या महिन्यांची राहायची सोय कोण करणार, आणि तुझ्या जर्मनच्या वर्गाचे पैसे मिळणार का. तू मात्र आत्ताच रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवनात नाव घाल. ऑफिसात इंग्रजी चालतं, पण शाळेतली बाई, डॉक्टरकडची रिसेप्शनिस्ट आणि इमारतीत कपडे धुण्याच्या खोलीची पाळी ठरवणारी शेजारीण, तिघी जर्मनच बोलतात. करारातला पगाराचा आकडा आला की पाठव, त्यावरून खाममध्ये किती भाडं झेपेल याचा हिशेब मी मांडून देते.